स्पेनमध्ये बाळाला संताचेच नाव द्यावे लागते का?

मराठी-स्पॅनिश घरात बारशाची बोलणी सुरू झाली की, स्पेनमध्ये संतांच्या यादीबाहेरचे नाव नोंदवलेच जात नाही, असे कुणीतरी ठामपणे सांगते. ते चुकीचे आहे. या समजाला खतपाणी मिळाले ते स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, जेव्हा नावे स्पॅनिशमध्येच नोंदवावी लागत आणि ‘जोर्दी’ या कॅटलान नावाचे ‘होर्हे’ केले जाई. स्पेनमधील इतर भाषांतील नावांची वाट १९७७ च्या कायद्याने मोकळी केली. २०११ च्या नागरी नोंदणी कायद्यात मर्यादा मोजक्याच आहेत: दोनांहून अधिक साधी नावे नकोत, हयात सख्ख्या भावंडाचे नाव नको, आणि नाव प्रतिष्ठेला बाधक किंवा ओळखीत गोंधळ करणारे नसावे. ‘ईशान’ला संताचा आधार लागत नाही.

खरी काळजी उच्चाराची घ्यावी, कारण हाक रोजची असते. रोमन ‘जे’ स्पॅनिशमध्ये घशातल्या ‘ख’सारखा वाचतात, त्यामुळे शाळेच्या हजेरीत ‘जया’ची ‘खाया’ होते. ‘एच’ मुका असल्याने ‘हेमा’ची ‘एमा’ होते. ‘मीरा’चा उच्चार टिकतो, पण तिथे त्याचा अर्थ ‘बघ’ असा होतो. ‘लीला’ मात्र दोन्हीकडे गोड वाटते: स्पॅनिशमध्ये ‘लिला’ म्हणजे फिकट जांभळा रंग.