भुकेच्या केंद्रापासून कपाळापर्यंत

लठ्ठपणावर उपाय म्हणून डोक्याला चुंबकीय कॉइल लावायची कल्पना नवी वाटते, पण तिची सुरुवात उंदरांच्या पिंजऱ्यात झाली. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागात, नेमकी इजा केली आणि ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच भागात, पण बाजूला इजा केली. या उंदरांनी खाणेच सोडले. समोर अन्न असताना ते उपाशी मेले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. भुकेच्या विज्ञानातला हा पायाभूत प्रयोग एका भारतीयाच्या नावावर आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. सांगायला हवे.

भुकेचे केंद्र सापडले, तर ते बंद का करू नये? १९७४ मध्ये डेन्मार्कमध्ये क्वाडे यांनी काही अतिलठ्ठ रुग्णांच्या कवटीला छिद्र पाडून हा प्रयत्न केलाही. त्यांचे वजन उतरले, पण ते टिकले नाही. त्या वाटेने फारसे कोणी पुढे गेले नाही, ते बरेच झाले.

कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोहोचायची सोय १९८५ मध्ये झाली. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या तारेची कॉइल डोक्यावर धरून क्षणभर जोरदार विद्युतप्रवाह सोडला. त्यातून उमटलेले चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार गेले, आत सूक्ष्म प्रवाह निर्माण झाला आणि त्या माणसाची बोटे आपोआप हलली. दुसरे तंत्र याहून साधे आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे आणि एक-दोन मिलिअँपियर प्रवाह सोडायचा. त्वचेला नुसत्या मुंग्या येतात. २००० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलस यांनी दाखवले, की एवढ्याशा प्रवाहानेही मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनक्षमता काही मिनिटे बदललेली राहते.

या साऱ्या इतिहासाची मेख इथे आहे. नेहमीच्या कॉइलचा प्रभाव जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोल जातो आणि हायपोथॅलॅमस तर मेंदूच्या तळाशी. त्यामुळे संशोधकांचे लक्ष कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे वळले. मोह आवरणे, पुढचा विचार करणे, ठरवलेले लक्षात ठेवणे ही त्याची कामे. जेवणानंतर लठ्ठ पुरुषांमध्ये या भागाची डावी बाजू तुलनेने कमी सक्रिय होते, असे २००६ च्या एका अभ्यासात दिसले होते. त्यामुळे निवडीला आधार होता. पण हा भाग हाताशी होता, हेही एक कारण होते असे मला वाटते. भुकेवरचा इलाज ‘भरल्या ताटावरून उठण्याची ताकद’ वाढवण्याचा इलाज झाला, तो असा.

२००५ मध्ये लंडनमध्ये उहर आणि सहकाऱ्यांनी कपाळामागच्या याच भागावर चुंबकीय कॉइल वापरून २८ महिलांवर प्रयोग केला. खाद्यपदार्थ समोर ठेवल्यावर, ज्यांना नकली उपचार दिला होता त्यांची वखवख वाढली. खरा उपचार मिळालेल्यांची वाढली नाही. पण लगेच नंतर खायला दिल्यावर दोन्ही गटांनी सारखेच खाल्ले. वखवख आणि घास यांमधले हे अंतर पुढच्या अभ्यासांनाही सतत नडत आले आहे.

चयापचयाचा धागा जर्मनीतल्या लुबेकचा. तिथे निरोगी पुरुषांच्या डोक्याला सौम्य प्रवाह दिल्यावर मेंदूची ऊर्जा खर्ची पडली आणि रक्तातली साखर शरीरात अधिक चांगली शोषली गेली. पुढे आठ दिवस रोज असा प्रवाह घेतलेल्या तरुणांनी खाल्लेही कमी. इटलीत मिलानजवळ लुत्सी आणि फेरुल्ली यांच्या गटाने आणखी खोल जाणारी कॉइल पाच आठवडे वापरली आणि लठ्ठ रुग्णांचे वजन घटल्याचे नोंदवले. या अभ्यासांतले रुग्ण मोजकेच. चुंबकीय उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडवण्यासाठी परवानगी दिली. लठ्ठपणा या यादीत अजून आलेला नाही.