ओरिजेनचे सहा रकाने

अलेक्झांड्रियात इ. स. 185च्या सुमारास जन्मलेल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाचे वडील लिओनिदेस 202 साली रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातील ख्रिस्ती लोकांच्या छळात मारले गेले. घरची मालमत्ता जप्त झाली आणि थोरल्या मुलाने व्याकरण शिकवून कुटुंब चालवले. ग्रंथ शब्दाशब्दाने तपासायची शिस्त त्याने याच पेशातून उचलली.

बिशप देमेत्रियसशी बिनसल्यावर तो 231च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील कैसरियात गेला. अँब्रोस नावाच्या धनिकाने त्याला सातांहून अधिक लघुलेखक, तेवढेच नकलनवीस आणि सुंदर अक्षराच्या मुली पुरवल्या होत्या. एवढे मनुष्यबळ नसते तर ‘हेक्साप्ला’ झालेच नसते.

जुन्या कराराच्या या प्रतीत सहा रकाने होते: इब्री (हिब्रू) मजकूर, तोच ग्रीक लिपीत, मग ग्रीक भाषांतरे: अक्विलाचे, सिम्माखसचे, सेप्टुअजिंट (चर्चमध्ये रूढ असलेले जुने ग्रीक भाषांतर) आणि थिओदोशियनचे. ओळीत जेमतेम एक-दोन शब्द. यहुदी विद्वानांशी वाद घालताना ख्रिस्ती माणूस त्यांच्या प्रतीत नसलेले वचन पुढे करी आणि तोंडघशी पडे. त्यावरचा हा उपाय. सेप्टुअजिंटच्या रकान्यात इब्रीपेक्षा जास्तीचा मजकूर असेल तिथे आडवी रेघ (ओबेलस). ग्रीकमध्ये नसलेला मजकूर बहुधा थिओदोशियनकडून घ्यायचा आणि त्यापुढे तारका. संपेल तिथे तिसरी खूण. होमरच्या संपादकांची ही जुनी पद्धत. ईयोबाचे पुस्तक ग्रीकमध्ये इब्रीपेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने लहान, त्यामुळे तिथे तारकांची गर्दी झाली.

घोळ पुढे झाला. सहाही रकाने उतरवणे कोणालाच झेपणारे नव्हते. कैसरियातले नंतरचे विद्वान पाम्फिलस आणि युसेबियस यांनी पाचव्या रकान्याच्याच प्रती प्रसृत केल्या. नंतरच्या नकलनवीसांनी खुणा निरर्थक समजून गाळल्या, आणि भर घातलेला मजकूर मूळ सेप्टुअजिंटमध्ये बेमालूम मिसळला. वेगळे दाखवण्यासाठी केलेल्या कामातूनच सरमिसळ पसरली. आजच्या संपादकांचा बराच वेळ ती निस्तरण्यात जातो.

ओरिजेन 250च्या छळात यातना सोसून काही वर्षांत वारला. आत्म्यांचे पूर्व-अस्तित्व आणि सर्वांचे अखेरचे पुनःस्थापन या मतांवरून सम्राट जस्टिनियनने 543 मध्ये त्याचा निषेध केला. 553च्या चर्च परिषदेने त्याचे नाव पाखंड्यांत घातले. त्यात त्याच्या नंतरच्या अनुयायांची मतेही त्याच्या माथी मारली गेली, हे उघड आहे. परिणामी ‘मूलतत्त्वांविषयी’ हा त्याचा ग्रंथ पूर्ण उरला तो रुफिनसच्या लॅटिन भाषांतरात, आणि रुफिनसने अडचणीची वाक्ये सौम्य केल्याचे स्वतःच कबूल केले आहे.

हेक्साप्लाची मूळ प्रत नष्ट झाली. पाचव्या रकान्यासाठी सर्वांत उपयोगी ठरते ते तेल्लाच्या पौलाचे 616-617 मधील सिरियाक भाषांतर. त्याने खुणाही उतरवून घेतल्या होत्या.