येशूचा अनुभव म्हणजे दर्शनच का?

"ज्याला येशूचं दर्शन झालं नाही, त्याचा आवाज ऐकू आला नाही, त्याचा विश्वास खोटा," असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. बायबलमध्ये असं कुठेही म्हटलेलं नाही.

आधी योहानाचा 20वा अध्याय उघडा. येशूचा शिष्य थोमा याने मरणातून उठलेल्या येशूला पाहिलं, तेव्हा विश्वास ठेवला. येशूने मात्र 29व्या वचनात न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटलं. मग मत्तय 28:17 वाचा: येशू समोर असतानाही काहींना शंका आली.

लूकच्या 24व्या अध्यायातली अम्माऊस गावाची वाट मला सर्वांत बोलकी वाटते. दोन शिष्य येशूसोबत चालले, बोलले, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळख पटली ती भाकर मोडताना, आणि लगेच तो दिसेनासा झाला. अंतःकरण तर वाटेतच पेटलं होतं, हे त्यांना मागाहून उमगलं.

प्रार्थनेत काहीच जाणवत नसेल, तर स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

दर्शन झाल्याचं सांगणारे खोटं बोलतात, असा याचा अर्थ नाही. प्रेषित पौल, म्हणजे येशूचा संदेश पसरवणारा, याचं आयुष्य तशाच अनुभवाने बदललं. पण योहानाचं पहिलं पत्र (4:1) आत्मे देवाकडचे आहेत का याची पारख करायला सांगतं, आणि गलतीकरांस पत्रात (5:22) पवित्र आत्म्याचं फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांची नावं येतात. दर्शनाचं नाव त्या यादीत नाही.