पोलिसांनी तुमची माहिती मागितली तर आम्ही काय देतो?

बार्शी रोडवरचे एक काका बिल भरायला आले आणि दारातूनच म्हणाले, "तुम्ही म्हणे आम्ही काय बघतो ते सगळं पोलिसांना दाखवता." काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यांनी माना वळवल्या. एकेकाला तोंडी सांगत बसलो तर केबल जोडायची कधी? म्हणून हे पत्रक. लातूर शहर आणि आसपासच्या गावांतल्या आमच्या सगळ्या इंटरनेट ग्राहकांसाठी आहे.

आमच्याकडे तुमचं काय असतं

कनेक्शन घेताना तुम्ही दिलेला अर्ज, फोटो, ओळखपत्राची प्रत, पत्ता, मोबाइल नंबर. घरात बसवलेल्या डब्याचा (राउटरचा) सिरियल नंबर. तुमचं लॉगिन कधी लागलं, कधी तुटलं. आणि प्रत्येक जोडणीची एक ओळ: कोणत्या घरातून, किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी, कोणत्या आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता), कोणत्या पोर्टमधून (म्हणजे त्या पत्त्यावरचा दरवाजा नंबर), समोर कोणत्या आयपीकडे. ही नोंद आम्ही हौसेनं ठेवत नाही, दूरसंचार विभागाच्या परवान्यातली ती अट आहे. आधी एक वर्ष ठेवावी लागायची, डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं. हार्ड डिस्कचा खर्च आमच्याच माथी, पण ते असो.

व्हॉट्सअॅपवर काय लिहिलं ते आमच्याकडे नसतं. तो मजकूर तुमच्या फोनमधून कुलूप लावूनच निघतो आणि समोरच्याच्या फोनवर उघडतो. बँकेचा पासवर्ड नसतो. यूट्यूबवर कोणता व्हिडिओ बघितला तेही कळत नाही. लाइट बिलावर युनिट दिसतात, मिक्सरमध्ये चटणी वाटली की पुरण ते दिसत नाही, तसंच हे. खरं सांगायचं तर आम्हाला त्याहून थोडं जास्त दिसतं: कोणत्या दुकानात, म्हणजे कोणत्या वेबसाइटवर, गेलात ते बऱ्याचदा कळतं, काय घेतलं ते नाही.

मागायचा अधिकार कुणाला

आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे कागद एकाच प्रकारचे असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लागणारा दस्तऐवज लेखी मागवू शकतो. १ जुलै २०२४ च्या आधी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली चालायचं. हा आदेश ईमेलनेही येऊ शकतो. यात मागतात ती झालेल्या गोष्टीची नोंद: अमुक वेळेला हा आयपी कुणाकडे होता. नोंद देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडावं लागतं, नाहीतर न्यायालयात तो नुसता छापील कागद.

चालू संभाषण ऐकणं, वाहता डेटा पकडणं ही गोष्ट निराळी आहे. त्याला ठाण्याचा कागद पुरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे नियम, किंवा २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम, यांच्याखाली केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. एक आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवस. तातडीच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी आधी सुरू करू शकतात, पण सात कामाच्या दिवसांत वरून मंजुरी आली पाहिजे. ही चौकट आपोआप आलेली नाही. टेलिफोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, तिथून ती बांधली गेली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एक खटकणारी बाब सांगून ठेवतो: हे आदेश सचिव देतात आणि सचिवांचीच समिती ते तपासते, न्यायाधीश त्यात नसतात. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. पण कलम ६९ चा रीतसर आदेश नाकारला तर सात वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे आमचं मत आमच्यापाशी.

खरी भीती चुकीच्या नावाची

२००७ साली पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचललं. ऑर्कुटवर (तेव्हाची फेसबुकसारखी साइट) शिवाजी महाराजांविषयी कुणीतरी घाण मजकूर टाकला होता. इंटरनेट कंपनीने त्या आयपीचा ग्राहक म्हणून याचं नाव कळवलं, आणि ते नाव चुकीचं निघालं. तोवर तो पन्नास दिवस तुरुंगात होता. एका कंपनीने एक ओळ चुकीची वाचली, एवढंच घडलं होतं.

चूक किती सोपी असते ते आमच्याच टेबलावरचं सांगतो. एक मागणी आली: अमुक तारखेला १८:४० वाजता हा आयपी कुणाचा? आमच्या पोराने संध्याकाळी सहा चाळीसची नोंद काढली, एका किराणा दुकानाचं कनेक्शन निघालं. पत्र तयार झालं, सही राहिली होती. सहज म्हणून मागणीसोबतची मूळ प्रत बघितली, तर वेळेपुढे बारीक अक्षरांत यूटीसी लिहिलेलं. परदेशी कंपन्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. म्हणजे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा दहा, आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. त्या वेळेला त्या जागी वेगळंच घर होतं. किराणावाल्या दादांना हे आजही माहीत नाही.

दुसरी भानगड पोर्टची. आयपीचे जुने पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, तेही कधीच संपले. त्यामुळे आम्ही एका आयपीवर साठेक घरं बसवतो आणि पोर्टच्या नंबरावरून ती ओळखतो. पोर्ट नंबर नसलेली मागणी म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावर नुसतं गावाचं नाव. अशी मागणी आली तर आम्ही साठ घरांची यादी देत नाही. पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लेखी मागवतो. यावर कधी कधी समोरच्या साहेबांचा आवाज चढतो. चढू द्या.

ओळखीवर मिळत नाही

आपल्याकडे निम्मी कामं ओळखीवर होतात, हे आम्हालाही माहीत आहे. तरी सांगतो, "मी एलसीबीतून बोलतोय, अमक्याचा पत्ता पटकन सांगा" असा स्थानिक गुन्हे शाखेच्या नावाने फोन आला तर आम्ही काहीच सांगत नाही. कागद आला की ठाण्याच्या नंबरवर आपण होऊन फोन करून खात्री करतो, मग जावक क्रमांक टाकून उत्तर देतो. मागितलेल्या वेळेपुरतंच, मागितलेल्या कनेक्शनपुरतंच.

पोलिसांपेक्षा जास्त मागण्या तर घरच्यांच्याच येतात. नवऱ्याला बायकोचं बघायचं असतं, मालकाला भाडेकरूचं, सासऱ्याला होणाऱ्या जावयाचं. नगरसेवकांची चिठ्ठीही आली होती. कुणाचं नुकसान किंवा स्वतःचा फायदा करायला अशी माहिती बाहेर दिली तर आमच्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२-क लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद. कुणासाठी तुरुंगात जायची आमची तयारी नाही.

तुम्हाला कळवणार का?

बहुतेक वेळा नाही. गृहसचिवांच्या आदेशाची गुप्तता नियमानेच बांधलेली आहे. ठाण्याच्या मागणीतही बहुधा गोपनीय ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि चालू तपासात आम्ही ते पाळतो. तुमच्या घरी पोलीस आले आणि कनेक्शन तुमच्या नावावर असल्याचं म्हणाले, तर घाबरून जाऊ नका. कनेक्शन तुमचं याचा अर्थ फोन हातात धरणारा तुम्हीच असा होत नाही. वकिलाला आमच्याकडे पाठवा. नोंद कशी काढतात, पोर्ट आणि वेळ कशी जुळवतात ते समजावून सांगू. मात्र व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे घालून कुणी "तुमच्या इंटरनेटवरून गुन्हा झाला, पैसे भरा" म्हणालं तर तो भामटा आहे. फोन ठेवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा.

हॉस्टेलवाल्यांनी हे वाचाच

ट्यूशन एरियात एका कनेक्शनवर तीस-तीस मुलं आहेत. पासवर्ड जिन्यात चिकटवलेला, जेवण देणाऱ्या मेसवाल्यालाही पाठ. यातल्या एकाने काही उद्योग केला तर आमच्या नोंदीत एकच नाव निघेल, तुमचं. कुठल्या खोलीतून झालं ते आमच्या यंत्रात दिसत नाही. प्रत्येक मुलाला मोबाइल नंबरवर वेगळं लॉगिन देता येतं. त्यासाठी एक छोटा डबा बसवावा लागतो आणि अर्धा दिवस जातो. डबा तुमचा, बसवायची मजुरी आम्ही घेणार नाही. जूनमध्ये नवी बॅच आली की आमच्या पोरांना श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी मे महिन्यातच ऑफिसला येऊन नाव लिहून जावं. येताना खोल्या किती ते मोजून या, मागच्या वेळी दोघांनी अंदाजे सांगितलं आणि वायर कमी पडली.