मांजराच्या छातीतले पाणी आणि एक्स-रेची साक्ष
मांजराच्या छातीत पाणी झाल्याचे बहुधा उशिरा लक्षात येते, कारण हा प्राणी आपले दुखणे दाखवत नाही. उड्या मारणे कमी करून तो मिळेल तेवढ्या श्वासावर भागवत राहतो आणि एके दिवशी कोपरे अंगापासून फाकवून, मान पुढे ताणून, उघड्या तोंडाने धापा टाकू लागतो. बोलण्यात आपण ‘पाणी’ म्हणतो खरे, पण फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या पोकळीत साठलेला हा द्रव पू, रक्त किंवा लसीका नावाचा दुधासारखा शरीरद्रवही असू शकतो.

अशा अवस्थेत एक्स-रेची घाई जिवावर बेतू शकते. मांजराला उताणे दाबून धरले, तर उरलासुरला श्वासही कोंडतो, म्हणून आधी प्राणवायू द्यावा, गरज असल्यास सुईने थोडा द्रव काढावा आणि मग पोटावर बसल्या स्थितीतच छायाचित्र घ्यावे, हाच क्रम मला योग्य वाटतो.

छायाचित्रात हवा काळी आणि हाड पांढरे दिसते. द्रव आणि हृदयाचा स्नायू मात्र एकाच करड्या छटेचे असल्यामुळे त्यांच्यातली सीमारेषा पुसली जाते आणि हृदय जणू धुक्यात हरवते. एरवी बरगड्यांना भिडलेली फुप्फुसाची कड आता आत सरकते, तिचे टोकदार कोपरे बोथट होतात आणि फुप्फुसाच्या दोन पाळ्यांमधल्या फटीत शिरलेला द्रव बारीक पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. द्रव आहे, हे यावरून कळते. तो पू आहे की रक्त, हे कळत नाही.

कारणाचा माग आजूबाजूच्या खुणांवरून काढावा लागतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची, म्हणजे श्वासपटलाची, रेषा तुटलेली आणि छातीत वायूने भरलेली आतडी दिसली, तर श्वासपटल फाटले असण्याची शक्यता मोठी. द्रव एकाच बाजूला असेल, तर पुवाचा किंवा लसीकेचा संशय येतो, कारण दाहामुळे दोन बाजूंमधल्या पडद्यातली बारीक छिद्रे बंद होऊ शकतात. सर्वात फसवी खूण श्वासनलिकेची आहे: हृदयापुढची गाठ, विशेषतः लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग), तिला पाठीच्या कण्याकडे उचलते, पण नुसता भरपूर द्रवही तेच करू शकतो. नलिका जिथे दुभंगते ती जागा शेपटीच्या दिशेने ढकलली गेली असेल, तर मात्र गाठीचा संशय बळावतो.

म्हणूनच द्रव काढल्यानंतरचा दुसरा एक्स-रे पहिल्यापेक्षा अधिक बोलका असतो. हृदय मोठे झाले आहे का, हे आता दिसते, आणि मांजरांमध्ये हृदयविकार हे या पाण्याचे एक प्रमुख कारण आहे. तरी हृदयाच्या भिंती किती जाड झाल्या आहेत, हे सोनोग्राफीच सांगते. नळीत काढलेला द्रव त्याच वेळी प्रयोगशाळेत गेलेला असावा. आणि द्रव निघूनही फुप्फुसाच्या पाळ्या गोलसर, आक्रसलेल्याच राहिल्या, तर दीर्घकाळच्या दाहाने त्यांच्यावर जाड आवरण चढले आहे, असा संशय घ्यावा. असे फुप्फुस जागा मोकळी होऊनही पुरते फुगत नाही.