पत्र्यामागचा सांगाडा

पुढून ठोकलेली गाडी गॅरेजमधून परत येते तेव्हा मालक काय बघतो? बोनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, रंगाचा शेड जुळला का, दार नीट लागतं का. बिलावरही ‘डेंटिंग-पेंटिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. रंगाखाली चेसिस लेग (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया), ॲप्रन (चाकांवरचा आतला पत्रा) आणि पिलर (छत पेलणारे खांब) आपापल्या जागी परत आणण्याचं जे काम झालेलं असतं (किंवा नसतं), ते त्या दोन शब्दांत दिसत नाही. पत्रा ठोकून सपाट करणं आणि गाडीचा सांगाडा सरळ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या धंद्याला उमगायला अर्धशतक लागलं. आपल्याकडे तर ते अजून पुरतं उमगलेलं नाही.

सुरुवातीच्या मोटारींची रचना घोडागाडीचीच होती. खाली दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर आणि या चौकटीवर बोल्टने बसवलेली बॉडी. टक्कर झाली की बॉडी उतरवायची, वाकलेली तुळई लाल होईस्तोवर तापवायची आणि साखळी-जॅक लावून खेचायची. लोहाराला यात नवीन काही नव्हतं. मोजमापही साधं. चौकटीच्या ठरलेल्या बिंदूंवरून खाली ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने खुणा करायच्या, गाडी बाजूला घ्यायची आणि खुणांमधले कर्ण टेपने मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात, नाही तर ‘चेसिस आऊट’. ट्रक, जीप आणि बोलेरोसारख्या लॅडर चेसिसच्या, म्हणजे अशाच वेगळ्या चौकटीच्या, गाड्यांसाठी ही रीत आजही चुकीची नाही.

तिच्या मर्यादा उघड्या पडल्या त्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चौकट नसलेल्या, बॉडीमुळे. १९२२ साली इटलीच्या लान्सियाने ‘लॅम्डा’मध्ये वेगळ्या चेसिसला फाटा दिला आणि भार बॉडीवरच टाकला. १९३४ मध्ये सित्रोएनची ‘ट्रॅक्शन अव्हाँ’ आणि पुढच्याच वर्षी ओपेलची ‘ऑलिम्पिया’ आली, आणि पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डिंगने (ठिपक्याठिपक्यांनी वितळवून) जोडून केलेली बॉडी मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. आता तळाचा पत्रा, दारांखालचा सिल, पिलर, छत हे सगळे मिळून वजन पेलतात. काडेपेटीचं रिकामं बाहेरचं खोकं एका कोपऱ्यात दाबलं की समोरचा कोपराही हलतो, तसंच इथे होतं. उजव्या हेडलाइटवर बसलेला मार डाव्या मागच्या दाराच्या फटीत दिसू शकतो. वरून फेंडर (चाकावरचा बाहेरचा पत्रा) बदलला तरी सस्पेन्शन टॉवर, म्हणजे चाकाचं सस्पेन्शन वरून ज्यात बसतं तो भाग, पाच मिलिमीटर आत सरकलेला राहतो. मग व्हील अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी गाडी एका बाजूला ओढते आणि मालक टायरवाल्याला दोष देत बसतो.

फरशीवरच्या खडूच्या खुणा इथे पुरत नाहीत, कारण बिंदू लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी हललेला असतो. फ्रान्समध्ये व्हिएन गावच्या सेलेट कंपनीने यावर काढलेला तोडगा आजही पाहण्यासारखा आहे. एक जाड पोलादी बेंच, आणि त्यावर त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेले ब्रॅकेट. इंजिन आणि सस्पेन्शन जिथे बसतात त्या प्रत्येक भोकासाठी एक ब्रॅकेट असतो. बोल्ट सहज आत गेला तर बिंदू जागेवर आहे. अडला तर अजून खेचायचं. इथे कारागिराच्या नजरेवर काही सोपवलेलंच नाही. स्वीडनमध्ये १९७३ साली सुरू झालेल्या कार-ओ-लायनर कंपनीने दुसरी वाट धरली: प्रत्येक मॉडेलचा डेटा-शीट आणि बेंचवर सरकणारी मोजपट्टी. पुढे मोजपट्टीची जागा इलेक्ट्रॉनिक मापनाने घेतली. आज साधारण तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो असं मानतात, आणि काही कंपन्या तेवढाही चालवून घेत नाहीत.

खेचण्याचंही शास्त्र बनलं. सिलच्या कडेला चार ठिकाणी क्लॅम्प लावून बॉडी बेंचला जखडायची आणि मार ज्या दिशेने आला त्याच्या उलट ओढायची. जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून मापापेक्षा किंचित पुढे खेचून ताण सोडायचा. अमेरिकेत चेसिसच्या लांबलचक गाड्या बराच काळ टिकल्या, त्यामुळे तिथल्या गॅरेजवाल्यांना जाग उशिरा आली. १९७३ च्या तेलसंकटानंतर हलक्या मोनोकॉक गाड्यांची लाट आली आणि हजारो कारागिरांना नव्याने शिकवायची पाळी आली. त्यासाठीच १९७९ मध्ये आय-कार ही प्रशिक्षण संस्था निघाली. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी त्याआधी दहा वर्षं, १९६९ मध्ये, दुरुस्तीच्या अभ्यासासाठी थॅचमचं केंद्र काढलं होतं. दुरुस्ती कशी करायची याची चिंता आधी विमावाल्यांना पडली, कारण पैसे त्यांचे जात होते.

आता आपल्याकडे. अॅम्बेसेडरला ‘दणकट चेसिसची गाडी’ म्हणणारे कितीतरी लोक भेटतात. प्रत्यक्षात तिची मूळ मॉरिस ऑक्सफर्ड मोनोकॉकच होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, तीही मोनोकॉकच. तरीही लोहारी पद्धत चालून गेली, कारण पत्रा जाड आणि साधा होता आणि गाड्या धावायच्या बेताच्या वेगाने. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी गॅस वेल्डिंगची ठिगळं, हातोडा-डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि लांबीचे, म्हणजे पुटीचे, थर यांवर वर्षानुवर्षं तगल्या. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्या डेंटरांच्या हातात कसब होतं, यात वाद नाही. डिसेंबर १९८३ मध्ये साडेसहाशे किलोच्या आसपासची मारुती ८०० आली आणि खेळ बदलला. पातळ पत्र्यावर गॅसची ज्योत धरली की उष्णता दूरवर पसरते, पत्रा पोळतो आणि वळतो. मिग वेल्डिंग (तारेचं विजेवरचं वेल्डिंग) आणि बेंच कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये हळूहळू आले, पण रस्त्याकडेच्या गॅरेजात झाडाला किंवा खांबाला साखळी बांधून गाडी रिव्हर्समध्ये ओढणं चालूच राहिलं.

यात भर पडली ती दोन गोष्टींची. एक म्हणजे चुरगळण्यासाठीच केलेला भाग. मर्सिडीजमधल्या बेला बारेनी या अभियंत्याने १९५१ मध्ये त्याचं पेटंट मागितलं आणि १९५९ च्या मॉडेलमध्ये ते उतरलं: मधली केबिन कडक, पुढचं-मागचं टोक मुद्दाम नरम. चेसिस लेगवर दिसणाऱ्या खाचा आणि वळ्या त्यासाठीच असतात, तिथून लेग अकॉर्डियनसारखा मिटावा म्हणून. आपल्या गॅरेजात याच खाचा ठोकून सपाट केल्या जातात, वर जाड पट्टी वेल्ड केली जाते आणि मालकाला अभिमानाने सांगितलं जातं, ‘कंपनीपेक्षा मजबूत केलीये.’ मजबूत झाली, हे खरंच. पण पुढच्या टकरीत ती मिटणार नाही, धक्का थेट केबिनमध्ये येईल, आणि काही मिलिसेकंदांच्या हिशेबावर उघडणाऱ्या एअरबॅगचं गणितही चुकेल.

दुसरी गोष्ट पोलादाची. बोरॉन मिसळलेला पत्रा ९०० अंशांच्या आसपास तापवून साच्यातच दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात. त्याची ताकद १५०० मेगापास्कलपर्यंत जाते, साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. स्वीडनच्या साब कंपनीने १९८४ मध्ये ९००० मॉडेलच्या दारातल्या दांड्यांसाठी ते वापरलं. आज बी-पिलरमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबात, ते सर्रास असतं. असा पिलर तापवून सरळ केला की दिसायला पूर्ववत होतो, पण साच्यात कमावलेली ताकद निघून जाते. तो खेचायचा नसतो. कंपनीने दाखवलेल्या रेषेवर कापून नवा बसवायचा असतो.

न दिसणाऱ्या कामाची किंमत किती असते, याचा निवाडा २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहराच्या एका ज्यूरीने केला. गारपिटीने खराब झालेलं होंडा फिटचं छत एका बॉडी शॉपने बदललं होतं, पण स्पॉट वेल्डऐवजी ते चिकटवलं होतं. पुढे ती गाडी जुनी म्हणून विकली गेली आणि विकत घेणाऱ्या जोडप्याचा २०१३ मध्ये भीषण अपघात झाला. बॉडी शॉपच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलरची जबाबदारी आली. रंगकामात कसलीच खोट नव्हती.

भारतात २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांना शून्य तारे दिले आणि ‘बॉडी शेल’ हा शब्द घराघरात पोचला. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना समोरून टकरीची चाचणी सक्तीची झाली. २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देणारी चाचणी सुरू झाली. हे सगळे तारे कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीचे. एकदा ठोकून दुरुस्त झालेल्या गाडीची अशी चाचणी कोणी घेत नाही.

विम्याचं गणितही या कामाच्या बाजूने नाही. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. म्हणून खर्चाचा आकडा हवा तसा या रेषेच्या अलीकडे-पलीकडे ठेवण्याची ओढाताण सर्व्हेअर (नुकसान तपासणारा), वर्कशॉप आणि मालक यांच्यात चालते. नवा फेंडर बिलात दाखवता येतो. बेंचवर घातलेले तास दाखवणं अवघड. टोटल लॉसचे सांगाडे लिलावात जातात, त्यातले काही पुन्हा उभे राहून बाजारात येतात.

त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या जाणत्या माणसाने स्वतःची चाचणी बसवली आहे. तो रंगाकडे ढुंकून बघत नाही. बोनेट उघडून ॲप्रनवरची कंपनीची पंचिंग, म्हणजे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके, ओळीत आणि सारख्या अंतरावर आहेत का ते पाहतो. सीलंटची रेघ नखाने दाबतो. दाराचं रबर ओढून पिलरची कड उघडी करतो आणि तिथले ठिपके दुसऱ्या बाजूच्या ठिपक्यांशी ताडून बघतो. एका बाजूला ठिपके बुजलेले किंवा सीलंट हाताने ओढलेलं दिसलं, की मगच तो किमतीचं बोलायला लागतो.