लाल मातीचा ठेवा : कोल्हापूरच्या कुस्तीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास पाहायचा तर आधी एखाद्या जुन्या तालमीत शिरावे लागते. गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीत हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळायच्या खड्ड्यातली, लाल माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली असते, आणि भिंतींवरून वस्तादांच्या व नामांकित मल्लांच्या तसबिरी खाली जोर-बैठका मारणाऱ्या पोरांकडे पाहत असतात. वारसा जपण्याची या शहराची ही सर्वांत जुनी रीत.

या परंपरेला भक्कम राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त १९०२ मध्ये ते इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले आणि तशाच धर्तीचा आखाडा आपल्या राजधानीत बांधायचे मनावर घेतले. १९१२ मध्ये पुरे झालेले खासबाग मैदान सुमारे ३०,००० प्रेक्षक सामावते. मधोमध हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक अशी रचना असल्यामुळे अगदी शेवटच्या रांगेतूनही डाव स्पष्ट दिसतो. उत्तरेकडील मल्लांना महाराजांनी मुद्दाम बोलावून घेतले, हेही येथे सांगायला हवे. कोल्हापूरची म्हणून जी कुस्ती ओळखली जाते, तिच्यात पंजाबचा वाटा मोठा आहे.

खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकायला राजाराम महाविद्यालयात होते. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. हेलसिंकीच्या वारीसाठी पैसे कमी पडू लागले, तेव्हा माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बँटमवेट गटातले कांस्य, खाशाबांनी आणले. मातीत वाढलेल्या मल्लाने ते मॅटवर मिळवले, ही बाब आजही पुरेशी बोलली जात नाही.

त्या पदकाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे भूषणावह नाही. खाशाबांच्या नावाने गोळेश्वरला व्हायची कुस्ती अकादमी रखडल्यामुळे २०१७ मध्ये कुटुंबीयांना पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

खासबागेला लागूनच असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. तालमींतल्या कित्येक तसबिरींची दुसरी प्रत कोणाकडेच नसावी, ही शंका तेव्हापासून अधिकच बोचू लागली आहे.